कॅम्पिंगच्या फ्रिजला सोलर पॅनल: किती वॅटचं आणि कुठलं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडीच्या मागच्या बाजूला १०० अँपिअर-तासांची एजीएम (बंद, पाणी न घालावी लागणारी लेड-ॲसिड) बॅटरी बसवलेली आहे. तिच्यावर ४५ लिटरचा, १२ व्होल्टचा कंप्रेसरवाला फ्रिज चालतो. एकाच जागी तीन-चार दिवस मुक्काम असतो आणि तेवढ्या काळात गाडी सुरू होत नाही. मग १०० वॅटचं कापडी घडीचं पॅनल पुरेल, की २०० वॅटचं काचेचं घ्यावं? शिवाय एक ‘४०० वॅट’चं घडीचं पॅनल स्वस्तात मिळतंय, उघडल्यावर १६० बाय ६५ सेंटिमीटर होतं, ते कसं आहे?

आधी सरळ उत्तर देतो. २०० वॅटचं घ्या. काचेचं की कापडी, हे ते गाडीत कुठे ठेवणार आणि किती वेळा उघडझाक करणार यावर ठरवा. ‘४०० वॅट’वाल्याचा विचार सोडून द्या. आता कारणं सविस्तर सांगतो, म्हणजे उद्या फ्रिज किंवा बॅटरी बदलली तरी हिशोब तुम्हाला स्वतः मांडता येईल.

बहुतेक जण पॅनलपासून सुरुवात करतात आणि तिथेच गणित चुकतं. सुरुवात फ्रिजच्या दिवसभराच्या खर्चापासून करायची. त्यानंतर रात्र काढायला बॅटरी किती हवी ते बघायचं आणि पॅनल सगळ्यात शेवटी ठरवायचं. चोवीस तासांत जेवढं खर्च होतं तेवढं पॅनलने दिवसाच्या उन्हात भरून काढलं पाहिजे, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा.

तुमच्यासारख्या ४५ लिटरच्या फ्रिजचा कंप्रेसर चालू असताना साधारण ४५ वॅट ओढतो, म्हणजे १२ व्होल्टवर पावणेचार अँपिअरच्या आसपास. पण तो सतत चालत नाही. आतलं तापमान ठरवलेल्या आकड्याला पोचलं की तो बंद होतो, वाढलं की पुन्हा सुरू होतो. गरम हवामानात, आत ४ अंश ठेवले, तर दिवसाच्या एकूण वेळेपैकी चाळीस टक्के वेळ कंप्रेसर चालतो असं धरून चाला. ४५ गुणिले ०.४ गुणिले २४, म्हणजे ४३० वॅट-तास. त्यात दोन दिवे, मोबाइल, छोटा पंखा मिळवून ५०० धरा. फ्रिज फ्रीझर म्हणून उणे १८ वर चालवणार असाल तर हा आकडा सहज दुप्पट होतो, तेव्हा पुढचे सगळे आकडेही दुप्पट करा.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण यात अनेकांचे पैसे वाया जातात. हा सगळा हिशोब कंप्रेसरवाल्या फ्रिजचा आहे. पेल्टियर पद्धतीचे (कंप्रेसर नसलेले, विजेच्या चकतीने गार करणारे) स्वस्त थंड डबे बाहेरच्या हवेपेक्षा पंधरा-वीस अंशच खाली जातात आणि तेवढ्यासाठी बहुतेक वेळ न थांबता ५० वॅटच्या आसपास ओढत राहतात. गॅस, वीज आणि बॅटरी अशा तिन्हींवर चालणारे ॲब्सॉर्प्शन फ्रिज १२ व्होल्टवर शंभर वॅटच्याही वर जातात. हे दोन्ही घडीच्या पॅनलवर चालवायचा हट्ट धरू नका. गॅसवाला फ्रिज मुक्कामी गॅसवरच चालवावा. फक्त तंबूच्या आत नाही, मोकळ्या हवेत.

आता पॅनलकडे येऊ. पॅनलवर छापलेले वॅट प्रयोगशाळेतले असतात: दर चौरस मीटरला १००० वॅट इतका प्रकाश आणि सेलचं तापमान २५ अंश. कडक उन्हात ठेवलेल्या काळ्या पॅनलचे सेल २५ अंशांवर राहणार कसे? दुपारी ते साठ-पासष्टला जातात. सिलिकॉनच्या पॅनलची ताकद दर अंशामागे साधारण ०.३ ते ०.४ टक्के घटते, म्हणजे नुसत्या उष्णतेने तेरा-चौदा टक्के गेले. त्यात धूळ, थोडा चुकलेला कोन, वायरमधली आणि कंट्रोलरमधली (पॅनल आणि बॅटरीच्या मध्ये बसून चार्जिंग सांभाळणाऱ्या यंत्रातली) घट मिळवा. प्रत्यक्ष वापरात छापील आकड्याचे ६५ टक्के मिळाले तर पॅनल चोख काम करतंय असं समजा. २०० वॅटचं चांगलं पॅनल स्वच्छ दुपारी १३०-१४० वॅट दाखवतं. तो आकडा पाहून पॅनल खराब निघालं म्हणून परत करायला धावू नका.

मोकळ्या आकाशाच्या दिवशी पूर्ण ताकदीच्या उन्हाचे पाच तास धरायचे. सकाळ-संध्याकाळचं कोवळं ऊन त्यातच जमेला येतं. मग १०० वॅटचं पॅनल देतं १०० गुणिले ५ गुणिले ०.६५, म्हणजे ३२५ वॅट-तास. २०० वॅटचं देतं ६५०. तुमचा खर्च ५०० आहे.

म्हणजे १०० वॅटवर रोज १७५ वॅट-तासांची तूट आली. ही तूट बॅटरीतून भरली जाणार. १०० अँपिअर-तासांच्या एजीएम बॅटरीत १२०० वॅट-तास असतात, पण अशी बॅटरी निम्म्याच्या खाली वारंवार उतरवली तर तिचं आयुष्य झपाट्याने घटतं, म्हणून वापरायला ६०० धरायचे. तिन्ही दिवस लख्ख ऊन असेल तर ५२५ ची तूट होऊन तिसरा दिवस कसाबसा निघतो. मधला एक दिवस ढगाळ निघाला, की पॅनल छापील ताकदीच्या पंधरा टक्क्यांवर येतं, त्या एका दिवसातच चारशेहून जास्त वॅट-तास बॅटरीतून जातात आणि वापरायला धरलेले ६०० दुसऱ्या रात्रीपर्यंतच संपतात. तीन-चार दिवसांच्या मुक्कामाला १०० वॅट अपुरं म्हणतो ते यामुळे.

हाच हिशोब १०० अँपिअर-तासांच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीवर वेगळा दिसतो. तिच्यातले १२८० पैकी ११५० वॅट-तास निर्धास्त वापरता येतात. त्या बॅटरीवर १०० वॅटच्या पॅनलनेही स्वच्छ हवामानात चार दिवस आरामात जातात, मध्ये एक ढगाळ दिवस आला तरी निभावतं. वजनही एजीएमच्या निम्म्याहून कमी. शिवाय एजीएम शेवटच्या वीस टक्क्यांत फार हळू चार्ज होते आणि घेतलेल्या विजेतली दहा-पंधरा टक्के गिळते, लिथियममध्ये तो प्रश्न जवळजवळ नसतो. मात्र लिथियम बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करायची नाही. थंड प्रदेशात पहाटे बर्फ धरत असेल तर बॅटरी गाडीच्या आत, उबेत ठेवा आणि कमी तापमानात चार्जिंग तोडणारं संरक्षण असलेलीच घ्या. सध्या तुमची एजीएम धडधाकट असेल तर ती बदलायची गरज नाही. २०० वॅटचं पॅनल जोडलंत की तिचं काम भागतं.

आता ते ‘४०० वॅट’. उघडल्यावर १६० बाय ६५ सेंटिमीटर म्हणजे एक चौरस मीटरहून किंचित जास्त. शिवणीच्या पट्ट्या, कडा आणि घड्यांच्या जागा वजा केल्या की सेलची जागा फार तर ०.९ चौरस मीटर उरते. आजचे चांगले मोनोक्रिस्टलाइन सेल प्रकाशाच्या २० ते २३ टक्के विजेत बदलतात, म्हणजे एका चौरस मीटरमधून अगदी उत्तम प्रतीच्या सेलने २३० वॅट. ०.९ चौरस मीटरमधून २०० वॅट निघाले तरी खूप झालं. त्या जागेतून ४०० वॅट काढणारे सेल बाजारात नाहीत. टेपने मोजा, गुणाकार करा, खोटेपणा लगेच उघडा पडतो.

दुसरी खूण मागच्या लेबलवर असते. तिथे चार आकडे असायला हवेत: कमाल ताकदीचा व्होल्टेज, कमाल ताकदीचा करंट, उघड्या सर्किटचा व्होल्टेज आणि शॉर्ट सर्किटचा करंट. पहिल्या दोघांचा गुणाकार म्हणजे खरे वॅट. लेबलवर मोठ्या अक्षरात ४०० आणि खाली बारीक अक्षरात १८ व्होल्ट, १०.५ अँपिअर असेल तर पॅनल १८९ वॅटचं आहे, विक्रेत्याने काहीही म्हणो. हे चार आकडे छापलेलेच नसतील तर पॅनल हातातून खाली ठेवा.

काचेचं की कापडी, यात माझा कल सांगतो. ॲल्युमिनियमच्या चौकटीतलं, पेटीसारखं मिटणारं काचेचं पॅनल टिकाऊ असतं, स्वतःच्या पायांवर उभं राहतं, मागून हवा खेळल्यामुळे जरा थंड राहतं आणि बहुधा वॅटमागे स्वस्त पडतं. पण २०० वॅटचं पंधरा किलोच्या वर जातं, मिटलं तरी मोठ्या सुटकेसएवढी जागा खातं आणि खडबडीत रस्त्यावर नीट बांधलं नाही तर काच तडकते. कापडी पॅनल त्याच्या निम्म्या वजनाचं असतं, सीटच्या मागे सरकवता येतं. त्याचा कमजोर भाग म्हणजे घडी. प्रत्येक घडीतून एक पातळ वायर किंवा पट्टी जाते आणि शेकडो वेळा दुमडल्यावर ती तुटते. घ्यायच्या आधी पॅनल उन्हात पूर्ण उघडा, मीटर लावा आणि प्रत्येक घडी हलकेच हलवून बघा. आकडा उड्या मारत असेल तर ते पॅनल नको. वरचं आवरण ईटीएफई या टिकाऊ प्लास्टिकचं आहे का विचारा. स्वस्त पीईटीचं आवरण उन्हात पिवळं पडतं, त्याचे पापुद्रे निघतात.

तीन-चार दिवस एका जागी राहणाऱ्याला, गाडीत जागा असेल तर, मी काचेचंच सुचवतो. रोज मुक्काम हलवणाऱ्याने कापडी घ्यावं. दोन्हीत न बसणारी चिकटवायची लवचिक पॅनल टपावर लावायचा मोह होईल, पण मागून हवा मिळत नसल्याने ती फार तापतात. शिवाय टपावर पॅनल लावायचं तर गाडी उन्हात उभी करावी लागते आणि फ्रिज गाडीतच असेल तर त्याचा खर्च वाढतो. सुट्या पॅनलचा खरा फायदाच हा आहे की गाडी आणि फ्रिज सावलीत, पॅनल दहा मीटरवर उन्हात.

पण ते दहा मीटर वायरीचे आहेत, आणि फ्रिज बंद पडण्याच्या जितक्या तक्रारी माझ्याकडे येतात त्यांत सर्वाधिक दोष तिथे सापडतो. अनेक तयार संचांत कंट्रोलर पॅनलच्या पाठीवरच चिकटवलेला असतो आणि तिथून लांब, बारीक वायर बॅटरीपर्यंत जाते. समजा वायर २.५ चौरस मिलिमीटरची, दहा मीटर. जाऊन-येऊन वीस मीटर तांबं, रोध साधारण ०.१४ ओहम. दहा अँपिअर वाहताना वायरीतच १.४ व्होल्ट पडतात. मल्टीमीटर घेऊन कंट्रोलरच्या तोंडाशी बघितलं तर १४.४, बॅटरीच्या टोकांवर मात्र १३. कंट्रोलरला वाटतं बॅटरी भरत आली, म्हणून तो करंट आवरायला लागतो, आणि बॅटरी अर्धपोटीच राहते. मालक पॅनलला दोष देतो आणि आणखी मोठं पॅनल आणतो.

यावर उपाय म्हणजे कंट्रोलर बॅटरीजवळ, हातभर अंतरावर बसवायचा, आणि लांब वायर पॅनल ते कंट्रोलर या भागात टाकायची. तिथे व्होल्टेज जास्त असल्याने करंट कमी वाहतो आणि झालेली घट बॅटरीच्या मोजणीत घोळ घालत नाही. वायर ६ चौरस मिलिमीटरची घ्या. जाहिरातीत ‘जाड वायर’ लिहिलेलं असतं, त्यावर विश्वास ठेवू नका, कारण जाडी बरेचदा रबराची असते. टोक सोलून आतलं तांबं बघा.

कंट्रोलर एमपीपीटी पद्धतीचा घ्या. साधा पीडब्ल्यूएम पॅनलला खेचून बॅटरीच्या व्होल्टेजवर आणतो, वरचे व्होल्ट वाया जातात. १८ व्होल्टचं, ११ अँपिअरचं पॅनल त्यावर १४५ वॅटच्या पुढे जात नाही. एमपीपीटी त्या वरच्या व्होल्टचं रूपांतर जास्तीच्या करंटमध्ये करतो. फार तापलेल्या पॅनलचा व्होल्टेज आधीच उतरलेला असल्याने भर दुपारी हा फायदा कमी होतो, थंड सकाळी आणि बॅटरी उतरलेली असताना तो ठळक दिसतो. २०० वॅटला २० अँपिअरचा कंट्रोलर पुरतो. बॅटरीच्या धन टोकापासून जवळच फ्यूज हवाच, कंट्रोलरच्या वायरीला एक आणि फ्रिजच्या वायरीला वेगळा.

सावलीबद्दल लोकांचा अंदाज फार चुकतो. पॅनलचा दहावा भाग सावलीत आला तर दहावा भाग वीज गेली, असं घडत नाही. १८ व्होल्टच्या पॅनलमध्ये साधारण ३६ सेल एकामागे एक, मालिकेत जोडलेले असतात आणि बहुधा १८-१८ सेलांच्या दोन गटांना प्रत्येकी एक बायपास डायोड (अडलेल्या गटाला वळसा घालून करंट पुढे नेणारा भाग) असतो. एका फांदीने एखादा सेल पूर्ण झाकला की तो अख्खा गट बाजूला पडतो. उरलेला अर्धा भाग ९ व्होल्ट देतो. १३ व्होल्टच्या बॅटरीत ९ व्होल्टने काहीच भरत नाही. म्हणजे तळहाताएवढ्या सावलीने चार्जिंग जवळपास थांबतं. यासाठी मी २०० वॅटचं एकच अखंड पॅनल घेण्यापेक्षा १०० ची दोन, समांतर जोडलेली, जास्त पसंत करतो. एक सावलीत गेलं तरी दुसरं चालू राहतं. पेटीसारख्या मिटणाऱ्या बहुतेक पॅनलमध्ये दोन भाग असतातच, ते समांतर जोडलेले आहेत का ते लेबलवरच्या व्होल्टेजवरून कळतं: १८ च्या आसपास असेल तर समांतर, ३६ असेल तर मालिकेत.

पॅनलचं तोंड सूर्याकडे आहे का बघायला एक पेन पॅनलवर काटकोनात उभं धरा. पेनाची सावली नाहीशी झाली की कोन बरोबर. सकाळी, दुपारी आणि तिसऱ्या प्रहरी असं तीनदा फिरवलंत तर सपाट पडलेल्या पॅनलपेक्षा बरीच जास्त वीज मिळते, हिवाळ्यात तर फारच. दिवसभर भटकायला जाणार असाल तर उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे तोंड करून, अक्षांशाएवढा कोन देऊन सोडून द्या. वाऱ्यासाठी पायांना दोरी आणि खुंटी मारा. घडीचं पॅनल वाऱ्यात शिडासारखं उचललं जातं.

सुट्या बॅटरीऐवजी पॉवर स्टेशन (बॅटरी, कंट्रोलर आणि इन्व्हर्टर एकाच पेटीत असलेलं यंत्र) असलेल्यांसाठी तीन गोष्टी. त्याच्या सोलर इनपुटची व्होल्टेज मर्यादा वाचल्याशिवाय दोन पॅनल मालिकेत जोडू नका. १८ व्होल्टच्या पॅनलचा उघड्या सर्किटचा व्होल्टेज २२ असतो, दोघांचा ४४, आणि थंड सकाळी तो आणखी चढतो. ३० व्होल्टपर्यंतच घेणारं यंत्र त्याने जळू शकतं. दुसरं, फ्रिज १२ व्होल्टच्या सॉकेटवरच चालवा, इन्व्हर्टरवर नाही. वीज उलटसुलट बदलण्यात दहा-पंधरा टक्के उगाच जातात. तिसरं, ऊर्जा वाचवणारा मोड बंद ठेवा. कंप्रेसर थांबला की करंट जवळपास शून्यावर येतो, यंत्राला वाटतं काहीच जोडलेलं नाही, आणि ते सॉकेट बंद करतं. रात्री दोनला बंद पडलेला फ्रिज सकाळी सहाला कळतो.

तसंच फ्रिजमधल्या बॅटरी-संरक्षणाच्या सेटिंगचं, म्हणजे व्होल्टेज ठराविक आकड्याखाली गेला की फ्रिज बंद करणाऱ्या सोयीचं. गाडीच्या मुख्य बॅटरीऐवजी मागच्या दुसऱ्या बॅटरीवर चालवताना ते ‘हाय’वर असेल तर बॅटरीत भरपूर वीज असूनही, वायरीतल्या घटीमुळे व्होल्टेज कमी दिसतो आणि फ्रिज पहाटे बंद होतो. एजीएमला ‘मीडियम’ ठेवा. ‘लो’वर ठेवलंत तर काही फ्रिज बॅटरी १०.४ व्होल्टपर्यंत पिळतात, ते एजीएमला फार वाईट. फ्रिजची पिन सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये असेल तर तीही बदला. धक्क्यांनी ती सैल होते, तापते. स्क्रूने आवळणारी किंवा अँडरसन पद्धतीची (एकमेकांत घट्ट बसणाऱ्या दोन भागांची) जोडणी वापरा.

फ्रिजचा खर्च कमी करणं हे पॅनल मोठं करण्यापेक्षा नेहमीच स्वस्त असतं. निघायच्या आदल्या रात्री फ्रिज घरच्या विजेवर चालवून, सामानासकट थंड करून घ्या. कंप्रेसरच्या जाळीसमोर चार बोटं जागा मोकळी ठेवा. रिकामी जागा पाण्याच्या बाटल्यांनी भरा. दुपारी पॅनल जोरात असताना आतलं तापमान २ अंशांवर आणा, सूर्य मावळताना ५ वर न्या. थंड झालेल्या बाटल्या रात्रीचे पहिले काही तास कंप्रेसरला विश्रांती देतात, आणि दूध-मांसही सुरक्षित राहतं. बॅटरी दुपारीच भरली तर उरलेली वीज अशी गारव्यात साठवता येते.

घ्यायच्या आधी एक काम मात्र करा. एक साधं डीसी वॅटमीटर फ्रिजच्या वायरीत जोडा आणि गरम दिवशी, सामान भरून, झाकण नेहमीसारखं उघडझाक करत चोवीस तास चालवा. मी धरलेला ४३० चा आकडा अंदाज आहे, मीटरवरचा तुमच्या फ्रिजचा असेल. त्यात दिवे-मोबाइलचे ७० मिळवून बेरीज ५५० च्या आत आली तर २०० वॅट घ्या. ५५० च्या वर गेली तर १०० वॅटचं तिसरं पॅनल समांतर जोडायची सोय ठेवा आणि कंट्रोलर २० ऐवजी आत्ताच ३० अँपिअरचा घ्या.